‘स्कूल ऑफ रॉक’ पोरांना दाखवला अन् आता हलगीपाशी येऊन अडकलोय

गणितवाले सर (परभणी)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागंल, पण पूर्ण वाचा.

मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावातले तिघंजण इथं वाचतात आणि त्यातला एक शाळा व्यवस्थापन समितीवर आहे.

दिवाळीत पुण्याचा भाचा पेनड्राइव्हवर ‘स्कूल ऑफ रॉक’ घेऊन आला. सिनेमा २००३ चा, पण मी आजवर पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात: ड्युई नावाचा एक ढेरपोट्या गिटारवाला. त्याच्याच बँडनं त्याला हाकललेलं, घरभाडं थकलेलं. ज्या मित्राच्या घरात पडीक असतो तो मित्र बदली शिक्षक. मित्राला एका भारी खासगी शाळेतून फोन येतो, हा उचलतो आणि मित्राच्या नावावर जाऊन मास्तर होतो. शिकवायचं काहीच नाही, फक्त पगार उचलायचा. मग एक दिवस संगीताच्या तासाला त्याच पोरांना वाजवताना ऐकतो आणि ह्याच्या डोक्यात किडा वळवळतो, की ह्याच पोरांचा बँड करून स्पर्धेत उतरायचं.

घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. बायको हसून हसून उशीत तोंड खुपसून बसली. आमचे वडील, आबा, सत्तरीच्या पुढचे, गावच्या भजनात पखवाजाला बसतात. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. अर्धा तास गप बघून म्हणाले, “ह्यो मास्तर शिकवतो कधी?” आणि शेवटच्या गाण्याला म्हणाले, “त्ये ढोलवालं पोरगं हाताला सुटं हाय बरं का.” यापरीस मोठी शाबासकी मी त्यांच्याकडून गावातल्या कुणाला मिळालेली ऐकली नाही.

मला आवडलं ते वेगळंच. ह्या बाबानं वर्गातल्या एकाही पोराला रिकामं बसू दिलं नाही. चार-पाच जण वाजवणार, तिघी मागून गाणार, मग उरलेल्यांचं काय? एक पोरगं कपडे बघणार, कुणी लाईट, दोघं दारावर पहारा, आणि जी पोरगी उत्तरपत्रिकेतल्या अर्ध्या मार्कासाठी भांडणारी, तिला थेट मॅनेजर केलं. गॅदरिंगला आम्ही काय करतो? गोरीगोमटी, हुशार आठ पोरं नाचात घेतो आणि बाकीच्यांना सांगतो, सतरंजीवर बसा, टाळ्या वाजवा. तेरा वर्षं मी हेच केलंय.

म्हणून एका शनिवारी शाळेत दाखवला. प्रोजेक्टर ग्रामपंचायतीनं दिलेला आहे, पडदे नाहीत. खिडक्यांना खताच्या रिकाम्या गोण्या लावल्या, तरी उजेड यायचा तो आलाच. इंग्रजी कुणाला कळंना, तेव्हा रिमोट हातात घेऊन दर दोन मिनिटाला थांबवायचो आणि पुढं काय झालं ते सांगायचो. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तसं. ड्युई आदल्या रात्रीच्या दारूनं डोकं धरून वर्गात येतो तो भाग पुढं पळवला. हेडबाईला घेऊन तो बिअर पाजायला जातो, तोही पळवला. आणि एक गोष्ट मी सांगितलीच नाही. स्पर्धेत घुसायला तो पोरांना जीवघेणा आजार आहे असं खोटं सांगतो. आमच्या वर्गात एका पोरीचा भाऊ मागच्याच वर्षी आजारानं गेलाय. तो विनोद मला गिळवला नाही, घरी पण नाही आणि शाळेत तर नाहीच.

पोरांना कशाचं हसू आलं सांगू? हेडबाई अचानक दारात येते आणि हा गिटारवर ऐन वेळी गणिताचं गाणं जुळवतो. पोरीनं बरोबर उत्तर दिलं तर हा म्हणतो चूक, मग म्हणतो तुझी परीक्षा घेत होतो. त्यावर अख्खा वर्ग माझ्याकडं वळून खिदळला. असो.

आता मूळ दुखणं. सोमवारी मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गातून आवाज आला. बाकावर ठेका. पोरं बाक बडवतातच, पण हा बडवण्याचा आवाज नव्हता. उजव्या हातात फुटपट्टीचा तुकडा, डाव्या हातात खराट्याची काडी. मधेच काडीनं असा तडतडाट की अंगावर काटा. मी दारात दिसलो तसं पोरानं दोन्ही दप्तरात कोंबलं आणि उभं राहून म्हणालं, “सर, मी नव्हतो.”

त्याचे वडील हलगी वाजवतात. पंचक्रोशीत कुठंही लग्न असो, जत्रा असो, त्यांना बोलावणं असतं. मी आनंदानं घरी गेलो, की २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला बँड करायचाय, तुमच्या पोराला हलगीवर घेतो. त्यांनी चहा पाजला, पाणी दिलं, सगळं आदरानं केलं आणि म्हणाले, “सर, मी वाजवतो तेवढं बास झालं. त्याला साळंत कामून पाठवलंय मग?”

मला काही बोलता आलं नाही. सिनेमात पण गिटारवाल्या पोराचा बाप गिटारला विरोधच करतो, पण शेवटी तो बाप टाळ्या वाजवतो. मी मनातल्या मनात तोच शेवट धरून बसलो होतो. आता तुम्ही सांगा. समजूत काढू का सोडून देऊ? आणि बाकीचा बँड कसा उभारायचा तेही सांगा. पोरं ८६ आहेत, संगीत शिक्षक नाही. सामान म्हणाल तर एक पेटी, दोन टाळजोड्या, एक फुटका ताशा आणि समितीच्या अध्यक्षांच्या पोरीचा जुना कीबोर्ड.

---

मूळचा सेलूकर, सध्या ठाणे

सर, “ह्यो मास्तर शिकवतो कधी?” विचारणाऱ्या वडिलांना माझा नमस्कार कळवा.

सिनेमाबद्दल थोडं. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर, ड्युई झालाय जॅक ब्लॅक. लिहिलाय माइक व्हाइटनं, आणि तो जो बिचारा मित्र आहे ना, ज्याचं नाव चोरलं, तो स्वतः हा लेखकच. ब्लॅक त्याचा शेजारी होता, त्याला डोळ्यासमोर ठेवूनच त्यानं लिहिला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँडमधली पोरं खरोखर वाजवणारी आहेत. आधी वाजवणारी पोरं शोधली, मग त्यांच्याकडून ॲक्टिंग करून घेतली. आपल्याकडं उलटं असतं, गोंडस पोरगं घ्यायचं आणि हातात गिटार अशी धरायची की तारा कुठल्या बाजूला तेही कळत नाही. तुमच्या वडिलांना ढोलवालं पोरगं सुटं वाटलं ते म्हणूनच.

अजून एक किस्सा. लेड झेपलिन हे नावाजलेले रॉक बँडवाले, आपली गाणी सिनेमाला सहसा देत नाहीत. मग शेवटच्या कार्यक्रमाचं शूटिंग चालू असताना जॅक ब्लॅकनं स्टेजवरून, समोर बसलेल्या गर्दीला साथीला घेऊन, त्यांना हात जोडून विनंती केली, तिची फिल्म काढली आणि त्यांना धाडली. गाणं मिळालं. तर सर, विनंती एकट्यानं करू नका, गर्दी घेऊन जा, हा माझा सल्ला.

आणि ते बोगस मास्तरचं आपल्या लोकांना कशाला नवल? फरक एवढाच की आपल्याकडचा डमी मास्तर बँड काढत नाही.

---

पेटीमास्तर, अंबाजोगाई

सेलूकरांचा गर्दी न्यायचा सल्ला सिनेमात ठीक. गावात एका हलगीवाल्याच्या दारात गर्दी नेली तर तो दबाव होतो. तसलं काही करू नका.

मी बँडचं सांगतो, हलगीचं दुसरं कोणीतरी सांगा.

पहिली गोष्ट पट्टी. मास्तर लोक स्वतःच्या गळ्याच्या पट्टीत पेटी धरतात, काळी एक नाहीतर काळी दोन, आणि पोरं बिचारी खाली गुरगुरतात. पोरी घेणार असाल तर काळी चार, काळी पाच करून बघा. आठवीच्या पोरांचा आवाज फुटत असतो, त्यांना एकट्याला ओळ देऊ नका, घोळक्यात घ्या. नाहीतर ऐन कार्यक्रमात आवाज घसरतो, गाव हसतं आणि ते पोरगं जन्मात परत गात नाही. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. ते पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ.

दुसरं, ठेका. पहिल्या वर्षी आठ मात्रांच्या बाहेर जाऊ नका. केरवा घ्या किंवा भजनी. रॉकवाले चार-चार मोजतात तेही ह्यातच बसतं, त्यामुळं पोरांना सिनेमातल्यासारखं वाजवायचं असेल तरी अडत नाही. गणिताचे सर आहात, तर फळ्यावर आठ घरं आखा आणि कुठल्या घरात टाळ, कुठल्या घरात ताशा ते खडूनं भरा. पोरांना लिहिलेलं दिसलं की लवकर बसतं. भजनाला बसणारी पोरं गावात असतीलच, त्यांना टाळ द्या, त्यांना शिकवायची गरज नाही.

तिसरं, वडील पखवाजाला बसतात आणि तुम्ही संगीत शिक्षक नाही म्हणून रडताय? आमच्या आपेगावचे शंकरबापू पखवाजावर पद्मश्रीपर्यंत गेले. खेड्यात विद्या असते, आपण मागायला लाजतो. आबांना आठवड्यातून दोन दिवस शाळेत आणून बसवा.

हलगी असो नसो, एक लक्षात ठेवा: हलगी आणि पेटी शेजारी बसवू नका. हलगीपुढं पेटी ऐकू येत नाही, मग पेटीवाला भाता जोरात मारतो आणि सगळंच बोंबलतं. हलगी मागं, माइकपासून लांब. माइक गाणाऱ्या पोरींना.

---

निवृत्त मुख्याध्यापक

सर, आपला उत्साह चांगला आहे. काही व्यावहारिक बाबी सुचवतो.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक आहेत, पण पट शंभरच्या वर असेल तर. तुमचा ८६. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका, कागद फिरत राहतील. सराव मात्र वेळापत्रकात बसवता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्यासाठी सुचवलेले आहेत. आपल्या राज्यात आनंददायी शनिवारही आहे. नोंदवहीत तसे लिहा, म्हणजे केंद्रप्रमुख आले तर दाखवायला कागद असेल. सिनेमातल्यासारखे दारात कोणी आले की गाणे रचण्याची वेळ येऊ नये.

आणि सिनेमा दाखवल्याचीही नोंद ठेवा. वगळलेल्या भागांसकट.

---

लातूरची मॅडम

सर, हलगीचं मी सांगते. मला बोलायचा हक्क आहे, कारण आमच्या घरात खुंटीला हलगी होती.

आम्ही मातंग. माझे आजोबा वाजवायचे. पोळ्याला बैलांपुढं, वरातीपुढं, देवीच्या जत्रेत, मयतीपुढंसुद्धा. वाजवायचं का नाही हे त्यांना कुणी विचारायचं नाही, निरोप यायचा आणि निघायचं. मोबदला म्हणजे पायलीभर जवारी आणि पंगत उठल्यावर उरलेलं. वरातीत घोड्यापुढं सगळ्यात पुढं हेच आणि जेवायला सगळ्यात मागं हेच. आजोबांचा हात असा होता की लोक लांबून ओळखायचे कोण वाजवायलंय. पण माझ्या वडिलांना बी.एड.ला नंबर लागला त्या दिवशी आजोबांनी हलगी खुंटीवरून काढून माळ्यावर टाकली. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडा म्हणून सांगितलं. ते बोलणं महार समाजापुढं होतं, पण त्याची हवा आमच्या वस्तीत पण आली. जे काम जातीनं गळ्यात बांधलंय ते सोडल्याशिवाय मान वर होत नाही, एवढं आजोबांना कळत होतं, शाळेत न जाता.

म्हणून त्या बापाचं “साळंत कामून पाठवलंय मग” हे वाक्य तुम्ही विरोध म्हणून वाचू नका. त्यांनी तुम्हाला फार मोठी गोष्ट सांगितलीय.

मी तो सिनेमा पाहिलाय, माझ्या मुलीचा आवडता आहे. त्या पोरांकडं पियानो होते, गिटारचे क्लास होते, चेलो होता. नव्हती ती मोकळीक, आणि मास्तरनं ती दिली. तुमच्या पोराची गोष्ट वेगळी आहे. त्याला हलगी वाजवायची मोकळीक सगळं गाव देतंय, जन्मापासून देतंय. दुसरं काही वाजवायची कोण देतंय?

आठवतं का, चेलो वाजवणाऱ्या पोरीला ड्युई सांगतो की हाच आडवा धर, झाला बास गिटार. म्हणजे तिच्या हाताला जे येतंय त्यातून तो तिला तिसरंच वाद्य देतो. तिला कुणी “तुझ्या आजीनं जे वाजवलं तेच वाजव” म्हणत नाही.

तर एक, समजूत काढायला जाऊ नका. दोन, पोराला विचारा त्याला काय वाजवायचंय. आपण सगळे बापाशी बोलायलोय, सिनेमाशी बोलायलोय, पोराला कुणी विचारलंच नाही. तीन, हलगी घ्यायचीच असेल तर पाच घ्या आणि पाच घरच्या पोरांच्या हातात द्या. अध्यक्षांच्या घरचं एखादं लेकरू असेल तर त्याच्या हातात आधी. मग बघा गावात काय कुजबुज होते, त्यावरून कळंल की मी काय म्हणायलेय.

वाद्याला मी नावं ठेवत नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या शाहिरीत डफ कडाडला तो गिरणी कामगारांच्या हक्कासाठी. वाद्य कुणाच्या निरोपावर वाजतंय, एवढाच प्रश्न असतो.

---

बीडचा गुर्जी

मॅडमचं वाचून बराच वेळ काही लिहावं वाटलं नाही.

माझा फक्त एक मुद्दा, तोही कामाचा. सर, दिवाळी झाली. तुमच्याकडं ऊसतोडीला किती पोरं जातात ते आधी मोजा. मी दोन वर्षांपूर्वी लेझीम आणि गाण्याचं पथक बसवलं होतं. दसऱ्याआधी पक्कं झालं. दिवाळीनंतर कोयते निघाले तशी २२ मधली ९ पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याकडं गेली. गाणारी मुख्य पोरगी त्यातच. जाताना शाळेवरून ट्रॉली गेली तर ती वर भांड्यांच्या गाठोड्यावर बसून गाणं म्हणत होती, आमचंच, पथकातलं. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आई-बापाला लई विनवलं, पण धाकटं भावंडं सांभाळायला तीच लागत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक जागेला दोन पोरं तयार करतो. सिनेमात सगळी पोरं शेवटपर्यंत वर्गात असतात, ही मला त्यातली सगळ्यात खोटी गोष्ट वाटते. बाकी झकास आहे.

---

गणितवाले सर (परभणी)

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहायलोय, कारण मधे चाचणी होती आणि मॅडमचं उत्तर वाचून मी चार दिवस कुणाशीच बोललो नाही. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की मी पण निरोपच घेऊन गेलो होतो. फक्त जवारी न देता.

बीडच्या गुर्जींचं ऐकून आधी मोजलं. सातवी-आठवीची ११ पोरं गेलीत. उरलेल्यांत प्रत्येक जागेला दोन केलेत.

पोराला विचारलं. वर्गात नाही, विहिरीवरून मोटारीचं बटण दाबून येताना, चालता चालता. म्हणलं, बँडमध्ये तुला काय पाहिजे? लई वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, “सर, त्यो कीबोर्ड कुणाला देणार?” मी म्हणलं, तुला पाहिजे का? तर म्हणालं, “त्यो अध्यक्षांच्या घरचा हाय.” मी म्हणलं, आता शाळेचा आहे.

तर कीबोर्डवर तो आहे. आणि मंडळी, खरं सांगतो, भयंकर वाजवतो. दोन बोटं, एकच ओळ, आणि ती ओळ संपता संपता परत पहिल्यापासून. मी त्याच्या वडिलांना सांगितलं की तुमचा पोरगा कीबोर्ड शिकायलाय. ते म्हणाले, “येतंय का?” मी म्हणलं, नाही. हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

हलग्या चार मिळाल्या, पाच नाही. तीन फायबरच्या, नट आवळायच्या, आणि एक कातडी. वाजवणारे म्हणाल तर अध्यक्षांचा पुतण्या, एक मारवाड्याचं लेकरू, कारखान्यावरून परत आलेली एक पोरगी आणि हेडमास्तरांचा नातू, जो आमच्या शाळेत नाहीच, शनिवारी येतो. कुजबुज झाली, मॅडम. तुम्ही म्हणलात तशीच झाली. अध्यक्षांच्या भावानं मला पारावर गाठून विचारलं, “आमच्या पोराला ह्ये कुणी दिलं?” मी म्हणलं, त्यानंच मागितलं, आणि हे खरं आहे. सिनेमात ते ढोलवालं पोरगं बघून तो वेडा झालाय. भाऊ काही बोलले नाहीत पण दोन शनिवार पुतण्या आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला. घरात काय झालं ते मी विचारलं नाही.

पेटीमास्तर, आबांना आणलं. खुर्ची दिली तर बसले नाहीत, सतरंजीवर मांडी घातली. तुमची आठ घरं फळ्यावर आखली आणि मी मोठ्या तोऱ्यात समजावू लागलो, तर आबा म्हणाले, “पुस आधी ते. तोंडानं म्हणा.” आणि अर्धा तास पोरांकडून नुसते बोल म्हणून घेतले, वाद्याला हात लावू दिला नाही. आबा गेल्यावर मी घरं परत आखली. दोन्ही लागतं असं माझं मत झालंय, पण त्यांना सांगू नका.

एक प्रसंग लिहितो आणि थांबतो. मागच्या शनिवारी गारठा होता, कातडी हलगी सैल पडलेली, भद भद आवाज. पोरांना वाटलं फुटली. पुतण्या तिला उन्हात धरून उभा. कीबोर्डवालं पोरगं तिकडं बघतंय, परत पट्ट्यांकडं बघतंय, परत तिकडं. शेवटी उठलं, माझ्या टेबलाखालचे जुने चाचणीचे पेपर उचलले, मैदानाच्या कडेला जाळ केला आणि हलगी हातात घेऊन जाळावर फिरवू लागलं. जाळाच्या वर वीतभर, थांबू न देता, गोल. मधेच बोटानं टिचकी मारून कानाशी धरायचं. परत फिरवायचं. चार-पाच वेळा केलं. मग टिचकीला असा टणक आवाज आला की ग्राउंडवरची कबड्डी थांबली. त्यानं ती हलगी पुतण्याच्या हातात दिली, म्हणालं, “लई वेळ राहत नसती, लगीच वाजव,” आणि परत येऊन आपल्या दोन बोटांवर बसलं. ज्या पेपरांचा जाळ झाला ते अजून तपासायचे होते, ते नंतर कळलं.

मी काही म्हणलं नाही. वाजव म्हणून तर नाहीच.

आता मदत हवी ती अशी, की कीबोर्डची मधली एक पट्टी दाबली की वर येत नाही. पोराच्या त्या एकुलत्या एक ओळीत नेमकी तीच तीनदा येते, म्हणून ते प्रत्येक वेळी डाव्या हातानं नखानं उचलून वर काढतंय आणि एक मात्रा चुकतंय. परभणीत कुणी दुरुस्तीवाला माहीत असेल तर सांगा. टीव्हीवाल्याकडं नेला होता, तो म्हणाला उघडला तर बंद होईल.

---

पेटीमास्तर, अंबाजोगाई

टीव्हीवाल्याकडं परत नेऊ नका. बहुतेक पट्टीखालचं रबर बसलंय किंवा आत कचरा गेलाय. खालचे स्क्रू काढले की पट्ट्यांचा सांगाडा वेगळा निघतो, स्क्रू काढले त्या क्रमानं कागदावर चिकटवत जा. रबर कोरड्या फडक्यानं पुसा, तेल घालू नका. पेटीला तेल घालणारे शहाणे असतात गावात, त्यांना लांब ठेवा.

आणि तोवर पोराला ती ओळ एक पट्टी वर सरकवून वाजवायला सांगा. अडकलेली पट्टी बहुतेक लागणार नाही. गाणाऱ्या पोरींना कळणार पण नाही.

---

गणितवाले सर (परभणी)

सरकवली. आता काळ्या पट्ट्या लागतात आणि त्याची दोन बोटं पुरंनात. तिसरं बोट काढलंय.